बल्ब बदलण्याआधी गाडी भिंतीसमोर लावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचे खड्डे, मेट्रोचे पत्रे आणि तिथली कोंडी यांच्यावर आपल्याकडे दर आठवड्याला एखादं तरी पत्र असतं. मी ती सगळी वाचतो, निम्म्यांना मनातल्या मनात सही करतो. आजचं माझं पत्र त्याच रस्त्याबद्दल आहे, पण यात महापालिकेचा काही दोष नाही. विषय आपल्या गाडीच्या दिव्यांचा आहे आणि दोष सगळा आपला. त्यात माझाही वाटा आहे, तो पुढे सांगतो.

वागळे इस्टेटमध्ये माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. १९८८ साली काढलं. आता ते भाचा बघतो. मी सकाळी दहा ते एक गल्ल्यावर बसतो आणि हेडलाइटचं काम आलं की उठतो. मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक आलं. चाळिशीचे गृहस्थ, चार-पाच वर्षांची गाडी, पोटापाण्याचा धंदा किराणा मालाचा.

म्हणाले, "काका, रात्री समोरचा प्रत्येक माणूस मला डिपर मारतो. काय भानगड आहे बघा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मीही मारतो. ऐकत नाहीत म्हणून चांगले आठ हजारांचे एलईडी घालून घेतले. तरी मारतातच."

मी डिकी उघडायला सांगितली. आत तांदळाच्या चार गोण्या, तेलाचे डबे. गाडी मागून बसलेली आणि नाक वर. डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या बाजूला ०, १, २, ३ असे आकडे असलेली एक छोटी चकती होती, ती ०वर. ती कशाची असते, विचारलं. म्हणाले, "कंपनीने दिलीये, मी कधी हात लावला नाही."

ही चकती ज्या ज्या गाडीला आहे, त्यांतल्या निम्म्याहून जास्त मालकांचं उत्तर हेच असतं, असा माझा अनुभव. ती हेडलाइट वर-खाली करते. ड्रायव्हर एकटा किंवा शेजारी एखादं माणूस असेल तर ०. मागची सीट भरली की १. त्यावर डिकीतही सामान चढलं की २ किंवा ३. आकडा वाढला की फोकस खाली जातो, हे लोकांना उलट वाटतं. "वाढवलं की जास्त लाइट" अशा समजुतीने ३वर ठेवून 'रस्ता दिसत नाही' म्हणत येणारेही भेटतात. गणपतीला कोकणात निघालेली गाडी डोळ्यापुढे आणा. पाच माणसं, डिकीत बॅगा, मखराचं सामान, आणि चकती ०वर. समोरून येणाऱ्याला तो डिम लाइट डिम वाटतच नाही, थेट बुबुळावर येतो. गाडी चालवणारा बिचारा मीटरमधला निळा दिवा बंद आहे हे बघून खात्री करतो की आपण डिमवरच आहोत, आणि समोरच्याला शिव्या घालतो.

निळा दिवा काय, हेही सांगावं लागतं म्हणून सांगतो. मीटरमध्ये निळ्या रंगाचं चिन्ह पेटलं की अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा झोत, चालू. हिरवं चिन्ह, त्यातल्या रेघा खाली झुकलेल्या, म्हणजे डिम, खाली वळवलेला जवळचा झोत. रस्त्यावर दिवे लागलेले असताना शहरात निळं चिन्ह दिसायचं काही कारण नाही. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत निळं पेटवून जाणारे मी रोज बघतो. त्यांना दिसत नाही असं नाही. ते चालू आहे हे त्यांना ठाऊकच नाही.

आता माझी कबुली.

एकेकाळी १००/९० वॅटचे बल्ब मी ढिगाने विकले आहेत. गाडीबरोबर येणारा एच-४ हॅलोजन ६०/५५चा असतो, अप्पर ६० आणि डिम ५५ वॅट. गिऱ्हाइकाला जास्त उजेड हवा असायचा आणि मला गिऱ्हाईक हवं असायचं. सहा महिन्यांनी तोच माणूस परत यायचा. होल्डर वितळलेला, वायरचं कव्हर कडक होऊन तडकलेलं, आतल्या आरशाचा मुलामा धुरकटलेला. मग रिले टाका, होल्डर बदला, म्हणजे माझं पुन्हा बिल. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचं काय झालं, याचा त्या काळात मी विचार केला नाही. त्या काळात माझे डोळे चांगले होते.

दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्यातला अजून पिकतोय. ज्यांचा झाला नाही त्यांना हे कळणार नाही. समोरून तसला पांढरा लाइट आला की डोळ्यात फुलबाजी पेटते, तिच्याभोवती कडं दिसतं, आणि गाडी गेल्यावरही काही क्षण रस्त्याच्या जागी नुसता काळोख. परवा पावसात गायमुखच्या घाटात भाचा चालवत होता, मी शेजारी. वळणावर समोरून एक उंच गाडी आली, चार दिवे पेटलेले. भाच्याचे डोळे तरुण, तरी तोही दचकला. ती गेली तेव्हा आमच्या पुढे दहा पावलांवर टेललाइट गेलेली मोटारसायकल होती, मागे बाई, मांडीवर मूल. भाच्याने ब्रेक मारला, गाडी सरकली, थांबली. मोटारसायकलवाल्याला काही कळलंही नाही. तो आपल्या तालात निघून गेला. घरी येईपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. त्या उंच गाडीला तसले दिवे कुणीतरी माझ्यासारख्यानेच बसवले असणार.

म्हणून बल्बच्या आत काय असतं ते एकदा लिहितो, गिऱ्हाइकाला मी हातावर ठेवून दाखवतो तसं. एच-४ बल्बला तीन पाय, आत दोन फिलामेंट. पुढच्या टोकाकडचं डिमचं, मागचं अप्परचं. डिमच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते, नखाएवढीसुद्धा नाही. सगळी करामत त्या वाटीत आहे. फिलामेंटचा जो प्रकाश हेडलाइटच्या आतल्या आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो, तो रस्त्याकडे खाली फेकला जातो. खालच्या अर्ध्यावर पडणारा वर, समोरच्याच्या तोंडावर जाईल. तो तिथे पोचूच नये म्हणून खालून वाटी धरलेली. अप्परच्या फिलामेंटखाली वाटी नाही, म्हणून ते सगळीकडे मारतं. आरशाचा आकार आणि फिलामेंटची जागा मिलिमीटरच्या हिशोबाने जुळवलेली असते. त्या जागी दोन बाजूंना चिप चिकटवलेली एलईडीची कांडी घातली की तो हिशोब मोडतो. कांडी होल्डरमध्ये जराशी फिरली तरी प्रकाश चौफेर फुटतो. बसल्या जागी भिंत पांढरीधोप दिसते, गिऱ्हाईक खूश होतं. लांब रस्त्यावर काय पडतं, तर थोडंच. बाकीचं झाडांच्या शेंड्यांना आणि समोरच्याच्या काचेला.

कारखान्यातूनच एलईडी आणि भिंगाचे दिवे घेऊन येणाऱ्या गाड्यांबद्दल माझं हे म्हणणं नाही. त्यांचा आरसा आणि भिंग त्या दिव्यासाठीच घडवलेलं असतं. हॅलोजनच्या घरात एलईडीचा भाडेकरू ठेवायचा नाही, एवढंच.

गाडी भिंतीसमोर का लावायची, ते आता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागा बघा. टायरमध्ये हवा नीट असू द्या, डिकी रिकामी, चकती ०वर. भिंतीपासून दिवा पाच मीटरवर येईल अशी गाडी उभी करा. दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची जमिनीपासून मोजा आणि तेवढ्याच उंचीवर भिंतीला चिकटपट्टी लावा. आता डिम पेटवा. भिंतीवर उजेड आणि अंधार यांची एक स्वच्छ रेघ दिसेल. उजवीकडे ती आडवी असते आणि डावीकडे तिरकी वर चढते. आपण डावीकडून चालतो ना, म्हणून डाव्या कडेचा माणूस, सायकलवाला, पाटी दिसावी यासाठी तो चढ मुद्दाम ठेवलेला असतो, आणि समोरच्याच्या बाजूला रेघ खाली. आडवी रेघ चिकटपट्टीच्या साधारण पाच सेंटिमीटर खाली हवी, कारण बहुतेक गाड्यांत फोकस दर मीटरला एक सेंटिमीटर उतरता ठेवतात. पट्टीच्या वर असेल तर समोरचे डिपर मारणारच. एक दिवा वर आणि एक खाली असेल तर बंपरला कुठेतरी ठोकर बसलेली आहे, किंवा बल्ब बदलणाऱ्याने तो नीट खाचेत बसवला नाही. आणि रेघच दिसत नसेल, नुसता पांढरा गोळा दिसत असेल, तर बल्ब काढून टाका. हेडलाइटच्या मागे सेटिंगचे स्क्रू असतात. स्वतः फिरवण्याची हौस नसेल तर कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे दहा मिनिटांचं काम आहे. बल्ब बदलल्यावर सेटिंग करून मागणारं गिऱ्हाईक मला एवढ्या वर्षांत फार भेटलं नाही.

त्याच भिंतीला पाठ करून गाडी लावली की मागचे दिवेही एकट्याने तपासता येतात. ब्रेक दाबा आणि आरशात बघा. भिंतीवर लाल उजेड दोन्ही बाजूंना सारखा दिसला पाहिजे. जुन्या पद्धतीच्या टेललाइटचा बल्ब दोन फिलामेंटचा, टेलला ५ वॅट आणि ब्रेकला २१. त्याच्या दोन कानांची उंची मुद्दाम वेगळी केलेली असते, उलटा बसू नये म्हणून. तरी जोर लावून उलटा बसवणारे महाभाग असतातच. मग रात्री गाडी चालताना मागून ब्रेक लागल्यासारखी भगभगते आणि खरा ब्रेक मारला तरी उजेडात फारसा फरक पडत नाही.

आता लाइटचा आणि इंडिकेटरचा दांडा. माझ्या मुलीने गाडी शिकायला क्लास लावला होता. रोज सकाळी सात ते साडेसात, उपवनच्या बाजूला. वीस-बावीस दिवसांत क्लच, गिअर, हाफ-क्लचवर चढ, सगळं झालं. मी विचारलं, लाइटचा दांडा कुठे आहे? म्हणाली, "सरांनी त्याला हात लावू नको म्हणून सांगितलंय, सकाळी काय गरज?" परीक्षाही दिवसा उजेडी झाली. लायसन्स आलं. रात्री गाडी चालवणं आपल्याकडे माणूस स्वतःच, दुसऱ्यांच्या जिवावर शिकतो. मुलीला मी एका रविवारी रात्री ठाणे–बेलापूर रोडने ऐरोलीपर्यंत घेऊन गेलो आणि येताना फक्त दांडाच शिकवला. अप्पर कधी, डिम कधी, आणि समोरच्याचा उजेड डोळ्यावर आला तर त्याच्याकडे न बघता डावीकडच्या पांढऱ्या पट्ट्याकडे नजर ठेवून वेग कमी करायचा. मागच्याने अप्पर मारला तर आतल्या आरशाखालची छोटी खिटी ओढायची. आरसा जरा कलतो आणि उजेड मंद होतो. ही खिटी आहे हे तिच्या सरांना तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

हा दांडा कुठे असतो यावरूनही गंमत आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरचा दांडा उजव्या हाताला. काही युरोपीय कंपन्यांच्या गाड्यांत डाव्या. नवी घेतलेली माणसं पहिला महिना वाघबीळला वळताना वायपर मारतात, वर आकाश निरभ्र. ते हसून सोडून देता येतं. वळण अर्धं झाल्यावर इंडिकेटर देणारे मात्र हसण्यावारी नेता येत नाहीत. "मी दिला होता ना!" असं ते भांडणात सांगतात. दिला होता, पण केव्हा?

हिशोब करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. तीन सेकंद आधी इंडिकेटर दिला तर वळणाच्या ५० मीटर अलीकडे दिला. टीएमटीच्या चार मोठ्या बसगाड्या एकामागे एक उभ्या करा, तेवढं अंतर. माजिवड्याला पुलावर चढायचं की खालून जायचं हे ज्यांना शेवटच्या खांबाला आठवतं, त्यांच्या मागच्या माणसाच्या हातात यातलं एक बसगाडीचं अंतरही उरत नाही. इंडिकेटरची टिकटिक ऐकू येते, ती मोजायची. चार-पाच टिकटिक झाल्या की मग आरसा परत एकदा बघून स्टिअरिंग फिरवायचं. हल्ली दांड्याला नुसता धक्का दिला की तीनदा लुकलुकून बंद होण्याची सोय असते. मोकळ्या रस्त्यावर लेन बदलायला ती ठीक. घोडबंदरला मागून ट्रक येत असताना तीन लुकलुकींकडे त्या ड्रायव्हरचं लक्षही जात नाही. तिथे दांडा पूर्ण दाबावा.

पूर्ण दाबला की वळण झाल्यावर तो आपोआप परत येतो, स्टिअरिंग सरळ होताना आतली खिटी त्याला मागे ढकलते. पण पुलावरून उतरून सर्व्हिस रोडला तिरकं शिरताना स्टिअरिंग फारसं फिरतच नाही, मग दांडा तसाच राहतो. कापूरबावडीपासून थेट ब्रह्मांडपर्यंत उजवा इंडिकेटर लुकलुकत जाणारी गाडी आपण सगळ्यांनी पाहिलीय. तिच्या उजवीकडून जायचं कुणाचं धाडस? बाईकवाल्यांना तर हे जास्तच, कारण बहुतेक बाईकचा इंडिकेटर आपोआप बंद होत नाही, अंगठ्याने बंद करावा लागतो. आणि टिकटिक एकदम घाईघाईने वाजायला लागली तर गाडीत बिघाड समजू नका. ती गाडी तुम्हाला सांगतेय की त्या बाजूचा एक बल्ब गेलाय. रिक्षावाल्यांबद्दल मी बोलणार नाही. त्यांचा बाहेर काढलेला पाय हा जगातला सगळ्यात जुना इंडिकेटर आहे, आणि निदान तो वेळेवर निघतो.

हायवेवरच्या ट्रकचा उजवा इंडिकेटर हे एक कोडंच. एकाचा अर्थ "मी उजवीकडे वळतोय", दुसऱ्याचा "उजवीकडून पुढे निघ". दोन्ही अर्थ चालतात म्हणून एकही धरून चालू नये. त्याचं चाक कुठे वळतंय ते दिसेपर्यंत मागे राहावं.

सगळ्यात जास्त राग मला चारही इंडिकेटर एकदम लावणाऱ्यांचा येतो. कुणी त्याला पार्किंग लाइट म्हणतं, कुणी हॅझार्ड. लाल त्रिकोणाचं ते बटण गाडी बंद पडून रस्त्यात उभी असेल तेव्हासाठी आहे. आपण ते दोन कामांना वापरतो. एक, चौकात सरळ जायचं असलं की. ही विद्या कुणी काढली माहीत नाही, पण ठाण्यात ती बापाकडून मुलाकडे जाते. सरळ जाणाऱ्याला काही दाखवायचंच नसतं हो. कोपऱ्यावरून डावीकडून येणाऱ्याला तुमच्या गाडीची फक्त डावी बाजू दिसते. त्याला डावा इंडिकेटर लुकलुकताना दिसतो, तो समजतो तुम्ही वळताय, आणि निघतो.

दुसरं, पावसात. जुलैत कोपरी पुलावर सगळा रस्ता लुकलुकत असतो, दिवाळी असल्यासारखा. कोण उभं आहे, कोण चालतंय, कळायला मार्ग नाही. बहुतेक गाड्यांत चारही चालू असताना वळण्याचा इंडिकेटर कामच करत नाही, म्हणजे लेन बदलताना तुम्ही मुके. पावसात काय लावायचं? डिम. दिवसाही. नियमही तसाच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०५वा नियम नुसता सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरू होणाऱ्या रात्रीपुरता नाही. १५५ मीटरवरचं माणूस किंवा वाहन स्पष्ट दिसत नसेल तेव्हा केव्हाही दिवे पेटलेले हवेत. आपल्याकडच्या जुलैत १५५ मीटर दिसणं हीच चैन.

इथे 'ऑटो'वाले फसतात. दांडा 'ऑटो'वर ठेवला की गाडी स्वतः लाइट लावते, हे खरं. पण ती अंधार ओळखते, पाऊस असला म्हणून उजेडात लाइट लावेलच असं नाही. तीच गत दिवसा पेटणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांची. पुढे त्या झगझगतात, आतला डॅशबोर्डही उजळलेला, म्हणून संध्याकाळी मालकाला वाटतं लाइट चालू आहेत. पण बहुतेक गाड्यांत त्यांच्याबरोबर मागचे दिवे पेटत नाहीत. तलावपाळीच्या कडेने सात वाजता असली एखादी राखाडी गाडी पुढून झगझगीत आणि मागून भुतासारखी जाते. दुचाकीचा हेडलाइट १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांना दिवसाही कायम चालू असतो, तो बंद करायचं बटणच नसतं. तरी अजून भर दुपारी रस्त्यावरचे दयाळू लोक पाच बोटं उघडमीट करून "लाइट चालू आहे" अशी खूण करतात. एवढी काळजी त्यांनी त्या मागून काळ्या गाडीवाल्याची केली तर बरं होईल.

काही गाड्यांना मागे धुक्याचाही एक लाल दिवा असतो, मीटरमध्ये त्याचं पिवळं चिन्ह. तो ब्रेकलाइटएवढाच प्रखर. ठाण्यात दाट धुकं वर्षातून किती दिवस असतं ते मोजा आणि तितकेच दिवस तो लावा.

माझी एक विनंती आहे, ती आपल्यामार्फत वाहतूक पोलिसांपर्यंत पोचावी म्हणून हे लांबलचक पत्र. नियम १०६ सांगतो की दिव्याचा झोत असा खाली वळवलेला हवा, की गाडीपुढे ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसाचे डोळे दिपू नयेत. याला यंत्र लागत नाही. रात्रीच्या नाकाबंदीत गाडी थांबवतातच, तोंडाचा वास घेतातच. त्याच वेळी एक हवालदार गाडीपुढे दहा-बारा पावलं जाऊन जरा उजव्या बाजूला उभा राहिला आणि ड्रायव्हरला डिम लावायला सांगितला, तर सगळं कळेल. आपल्या हवालदारांचा डोळा दीड मीटरच्या आसपासच असतो. त्यांचे डोळे दिपले की पावती. मोटार वाहन कायद्याच्या १७७व्या कलमाखाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत दंड करता येतो. दंडाची सक्ती नसली तरी चालेल, पहिले तीन महिने नुसती चकती गाडीतल्या वजनाप्रमाणे लावून द्या आणि सोडा. निम्म्या लोकांचं काम तेवढ्याने भागेल, आणि मागे गोणी आहे की सासू हेही बघून होईल.

आपला,
वागळे इस्टेटमधला एक ऑटो इलेक्ट्रिशियन, सावरकरनगर, ठाणे (प.)
(नाव छापू नये, ही विनंती. गिऱ्हाइकं सगळी ओळखीची आहेत.)

ता. क. – त्या किराणावाल्यांचं सांगायचं राहिलं. मी एलईडी काढून ६०/५५चे साधे हॅलोजन घातले, चकती २वर केली. चार दिवसांनी फोन, "काका, आता कुणी डिपर मारत नाही, पण मलाही दिसत नाही." परत बोलावलं. दोन्ही हेडलाइटची प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी पडली होती, जुन्या पापडासारखी. एलईडी बसवणाऱ्याच्या नजरेला ती पडली नाही आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी माझ्याही पडली नाही. भाच्याने पाण्याचा पॉलिश पेपर, आधी हजार नंबरचा, मग दोन हजारचा, घासून वर पॉलिश मारलं. तासाभराचं काम. त्या रात्री त्यांनी गायमुखच्या पुढून फोन केला, "काका, डाव्या बाजूची झाडं दिसतायत." आठ हजारांची ती जोडी दुकानात फळीवर पडून आहे. ते परत न्यायला तयार नाहीत आणि भाच्याला ती विकायची नाही असं मी बजावून ठेवलंय. परवा एकाने तिची किंमत विचारली.